वीणेच्या पाळ्यांचं संगणकीकरण

बिभीषण शेळके सरांनी आयुष्यात एकही पिशवी फेकून दिलेली नाही. दुधाची असो, मिठाची असो, साडीच्या दुकानाची असो, ती धुतली जाते, दांडीवर वाळते आणि पुन्हा कामाला लागते. बोरखळीच्या सप्ताहात यंदा जे काही झालं त्याचं मूळ या सवयीत आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. गावानं संगणकाला दोष दिला, सरांच्या मुलीनं सरांना दिला आणि सरांनी पहिले काही तास तो इंटरनेटला दिला. पण इंटरनेट बिचारं त्या दिवशी गावात नव्हतंच. कोल्हारचा पूल ओलांडून ते आमच्याकडं तसं क्वचितच येतं.

सर गणिताचे. तालुक्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त माणसं बाग लावतात, नातेवाइकांच्या चौकशा करतात, पाराच्या कट्ट्यावर बसून देश चालवतात. सरांनी चाळीस दिवसांचा जावास्क्रिप्टचा ऑनलाइन कोर्स लावला. जावास्क्रिप्ट ही संगणकाला कामं सांगायची एक भाषा. चौतीस वर्षं सांगितलेला गृहपाठ पन्नासातल्या चौघांनीच करून आणलेला बघितलेल्या माणसाला, सांगितलेलं तंतोतंत आणि ताबडतोब करणारा विद्यार्थी उतारवयात भेटला. सर हरखून गेले. प्रमाणपत्र मिळालं, ते त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलं. तिथं आधी लग्नाचा फोटो होता, तो आतल्या खोलीत गेला. चौथ्या दिवशी ताटात भाजी वाढताना सरांच्या पत्नी सुकन्याबाईंनी विचारलं की तुमच्या त्या संगणकाला कोथिंबीर निवडायला सांगता येते का.

एवढी विद्या अंगात आल्यावर ती कुठंतरी बाहेर पडणार हे उघड होतं. ती सप्ताहाच्या बैठकीत पडली.

बोरखळीत दरवर्षी मारुतीच्या देवळापुढं सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री नामस्मरण चालतं आणि तेवढा सगळा वेळ वीणा कुणाच्या तरी गळ्यात असावी लागते. ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. विणेकऱ्यानं उभं राहून ती छेडत नाम घ्यायचं आणि दोन तास झाले की पुढच्याच्या गळ्यात घालायची. देताना दोघांनी एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवायचं. या पाळीलाच पहारा म्हणतात. दिवसाला बारा पाळ्या, सात दिवसांच्या चौऱ्याऐंशी. एकतीस वर्षांत बोरखळीची वीणा एकदाही खाली ठेवलेली नव्हती, आणि या गोष्टीचा गावाला पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त अभिमान होता.

या चौऱ्याऐंशी पाळ्या कारभारी आबांच्या डोक्यात असत. आबा पंचाहत्तरीचे, चौथीपर्यंत शिकलेले, वीतभर छातीचे. सप्ताहाच्या आठवडाभर आधी ते दारोदार जात. दारात उभं राहून म्हणत, "तुझी मंगळवारची सकाळ. धार काढून ये." चहा घेत आणि पुढच्या दाराला जात. कागद नाही, पेन नाही. कुणाची डेअरीची वेळ कुठली, कुणाची म्हैस विणार आहे, कुठल्या दोन भावांमध्ये बांधावरून बोलणं बंद आहे, हे सगळं धरून त्यांची पाळी बसलेली असे. ज्या भावांचं बोलणं बंद, त्यांच्या पाळ्या ते मुद्दाम लागोपाठ लावत. पाया पडल्याशिवाय वीणा देता येत नाही, मग बसतात झक मारत नीट वागायला.

बैठकीत सरांनी उभं राहून सांगितलं की ही पद्धत शास्त्रीय नाही. सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात ठेवणं धोक्याचं आहे, उद्या त्या माणसाला काही झालं तर काय करणार. हे बोलताना तो माणूस त्यांच्या समोर, दीड हातावर, मांडी घालून बसलेला होता. आबांनी तंबाखूची चंची उघडली आणि बराच वेळ तिच्यात काहीतरी शोधलं. सप्ताह कमिटीचे सचिव वैजनाथराव, जे सरांचे भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत, त्यांनी संगणकीकरणाचा ठराव मांडला आणि टाळ्या पडल्या. सरांना त्या टाळ्या फार गोड लागल्या. गणिताच्या तासाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. वैजनाथरावांचं म्हणणं, प्रत्येक नावापुढं रक्तगट टाकावा, म्हणजे एकदाच काम होईल. कुणी म्हणालं मोबाईल नंबर टाका, कुणी म्हणालं टाकू नका, मग लोनवाल्यांचे फोन येतात. सप्ताहाच्या भाकरी गोळा करणाऱ्या लंकाबाईंनी ओट्यावर टेकून संगणक नीट बघून घेतला आणि विचारलं, "सर, समद्या गावाचं नाव घालताय, तुमचं कुठं हाय?"

सर हसले. यादी करणाऱ्याचं नाव यादीत नसतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. परीक्षा घेणारा परीक्षेला बसत नाही. लंकाबाई म्हणाल्या, व्हय, ते बी खरंच, आणि भाकरीचं पीठ कुठल्या गल्लीतून किती येणार हे संगणकातून काढून मिळेल का ते विचारून गेल्या.

आता मुख्य कारागिरीकडं येऊ. घाबरायचं कारण नाही. ज्याला मसाल्याचा डबा माहीत आहे त्याला हे समजतं.

सरांना हवी होती एक मोठी यादी, तिच्या पोटात सात छोट्या याद्या, आणि प्रत्येक छोट्या यादीत बारा नावं. जावास्क्रिप्टमध्ये यादीला ॲरे म्हणतात, आणि एकच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याच्या फेऱ्याला लूप. बाहेरचा लूप दिवसांचा, सात वेळा फिरणार. आतला पाळ्यांचा, दर दिवशी बारा वेळा फिरणार. आतल्यानं नावं भरायची, बाहेरच्यानं भरलेला दिवस सप्ताहात ठेवायचा. या भाषेत नावं मराठीतही देता येतात हे कळल्यावर सरांनी मोठ्या ॲरेचं नाव 'सप्ताह' ठेवलं आणि छोट्याचं 'दिवस', आणि पाच मिनिटं नुसतं स्क्रीनकडं बघत बसले. पहिल्या सहा दिवसांची नावं बाराखडीच्या क्रमानं लावली. सातवा दिवस काल्याचा. त्या दिवशी पाहुणे येतात, फोटो निघतात, म्हणून तो प्रतिष्ठितांना राखून ठेवला. सोसायटीचे चेअरमन, सरपंचबाईंचे यजमान, डॉक्टर, खतांचे डीलर, असे बारा जण.

कोर्समधल्या मास्तरांनी असं शिकवलं होतं की दर फेरीला लूपच्या आत नवा कोरा ॲरे घ्यावा. हे सरांना पटेना. सात दिवसांना सात नवे ॲरे? एक चांगला धडधाकट ॲरे असताना? नवी पिढी अशीच उधळी असते, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी 'दिवस' नावाचा एकच ॲरे लूपच्या बाहेर, दारातच घेतला. दर फेरीला तो रिकामा करायचा, म्हणजे धुऊन घ्यायचा, नव्या दिवसाची नावं भरायची आणि सप्ताहात ठेवायचा. शेजारी इंग्रजीत टीपही लिहिली की यामुळं मेमरीची बचत होते.

तपासणी त्यांनी केली. तपासली नाही असं कुणी म्हणू नये. लूप चालू असताना दर फेरीला त्यांनी नावं स्क्रीनवर छापून बघितली. पहिला दिवस बरोबर, दुसरा बरोबर, सातही दिवस बरोबर. मुलगी दिशा पुण्याला संगणकाच्याच कंपनीत आहे, तिनं फोनवर सांगितलं की बाबा, एकदा शेवटी सगळा सप्ताह एकदम छापून बघा, नाहीतर मला पाठवा. सर म्हणाले की चौतीस वर्षं मी बोर्डाचे पेपर तपासलेत. त्यानंतर त्यांनी छापील प्रत काढली आणि नावं मोजली. सात चौकटी, प्रत्येकीत बारा, एकूण चौऱ्याऐंशी. बेरीज बरोबर असेल तर गणित बरोबर असतं, या श्रद्धेवर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. त्यांनी पेन बंद केलं.

मग फ्लेक्स. बारा फूट बाय आठ फूट. त्याला ग्रामपंचायतीची परवानगी हवी. ग्रामसेवकांना हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, नाही म्हटलं तर ते मान वर करत नाहीत, आणि सर पहिल्या दिवशी नेमके चुकले. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला, कारण अर्जात 'फलक' होतं आणि नमुन्यात 'तात्पुरता जाहिरात फलक' आहे. ही जाहिरात कशाची, असं सरांनी विचारलं. अधिकारी म्हणाले, ते तुम्ही ठरवा. तिसऱ्या दिवशी जागेच्या मालकाची ना-हरकत मागितली. फ्लेक्स देवळाच्या भिंतीला लागणार, आणि सातबारावर देवळाची जागा श्री मारुतीच्या नावावर. मारुतीची सही कुठून आणायची यावर दोन तास चर्चा झाली. अखेर पुजाऱ्याचा अंगठा चालला. अधिकाऱ्यांनी छापील यादीच्या खाली, एक अक्षरही न वाचता, 'मंजूर' असा गोल शिक्का मारला. ती प्रत सरांनी आजही जपून ठेवली आहे. चूक झाली ती निदान सरकारमान्य होती, एवढं समाधान तिच्यात आहे.

शनिवारी सकाळी सप्ताह बसला. आठ वाजता पूजा झाली आणि रिवाजाप्रमाणं पहिली वीणा कारभारी आबांनी गळ्यात घातली. साडेआठला कोल्हारहून टेम्पोनं फ्लेक्स आला. सर इस्त्रीच्या शर्टात. चार पोरांनी तो दोऱ्या ओढून वर चढवला आणि सगळा मांडव वाचायला उठला.

आधी बरं वाटलं. वर मारुती, खाली पांडुरंग, मध्ये लाल अक्षरात 'संगणकीकृत पहारा नियोजन'. मग लोक आपापलं नाव शोधायला लागले. बोटं पहिल्या चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर. पहिला दिवस, आठ ते दहा, चेअरमन. दुसरा दिवस, आठ ते दहा, चेअरमन. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, चेअरमन. दहा ते बारा, सातही दिवस सरपंचबाईंचे यजमान. बारा ते दोन, सातही दिवस डॉक्टर. बोरखळीची वीणा आठवडाभर फक्त बाराच माणसं धरणार होती, आणि त्यातल्या एकानंही आजवर तासाच्या वर वीणा धरली नव्हती.

सरांनी फ्लेक्स वाचला. परत वाचला. फ्लेक्सवाल्यानं घोळ केला असं म्हणून त्यांनी खिशातली शिक्क्याची प्रत काढली. प्रतही तीच. बहात्तर माणसांची नावं बारा फुटांत कुठंही नव्हती, आणि बहात्तर म्हणजे मांडवातलं जवळजवळ प्रत्येक घर.

कुजबुज सुरू झाली. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळं कुणाला कोडं पडलं नाही. चेअरमनच्या विरोधी पार्टीनं फ्लेक्सचे फोटो काढले. चेअरमनच्या पार्टीनंही काढले, ते त्यांना नेट आलं की स्टेटसला ठेवायचे होते. आंबादास नावाचे एक शांत गृहस्थ, जे सोळा वर्षं वीणा धरतात, उठून चपला घालायला लागले. घालता घालता म्हणाले की आमी गरीब मानसं, आमाला कशाला कंपुटर ईचारतो. त्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सरांना सोपं गेलं असतं.

तोवर आबा वीणेसह फ्लेक्सपुढं आले. नाम चालूच होतं. त्यांनी सातही चौकटी सावकाश वाचल्या, चौथीपर्यंतच शिकलेले, अक्षर लावत लावत. एकतीस वर्षांचा विणेकरी, आणि त्याचं नाव नाही. ते सरांजवळ आले, वीणा आपल्या गळ्यातून काढली आणि सरांच्या गळ्यात घातली.

"धरा सर. यादी तुमची हाय, वीणा बी तुमीच सांभाळा."

आणि पाया न पडता ते खांबाला टेकून बसले. हे सगळ्यांनी बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बोरखळीची वीणा पाया पडल्यावाचून दिली गेली होती.

आता सरांची अवस्था नीट समजून घ्या. गळ्यात वीणा, ती खाली ठेवता येत नाही. तोंडात रामकृष्णहरी, ते थांबवता येत नाही. समोर अडीचशे माणसं, आणि त्यातला एकही पुढं येत नाही. वैजनाथरावांनी दोनतीन जणांना विनवलं. उत्तर सगळ्यांचं एकच आणि बिनतोड होतं: यादीत नाव नसताना वीणा कशी धरायची? ते कमिटीच्या शिस्तीत बसेल का? मग ज्यांची नावं होती त्यांना फोन लावले. चेअरमन सहकुटुंब शनिशिंगणापूरला अभिषेकाला गेलेले, संध्याकाळशिवाय येत नव्हते. सरपंचबाईंचे यजमान फोन उचलेनात. डॉक्टरांनी उचलला आणि पेशंट असल्याचं सांगितलं. बोरखळीत इतके पेशंट कधीच नसतात.

सर कणखर माणूस. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. चौतीस वर्षं आपण उभ्यानंच शिकवलंय, असं ते स्वतःला सांगत होते. हे खरं होतं, पण शाळेत चाळीस मिनिटांनी घंटा व्हायची. साडेअकराला त्यांना कळून चुकलं की आता आपण पडलो तर वीणा पडणार, आणि वीणा पडली तर बोरखळीत पुढची शंभर वर्षं आपलं नाव निघणार. नाव यादीत नसलं तरी निघणार.

तेव्हा सुकन्याबाई मांडवात आल्या. त्यांच्या हातात मिठाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप होता. त्या नवऱ्याच्या पायाशी बसल्या, लॅपटॉप मांडीवर उघडला आणि वैजनाथरावांना म्हणाल्या, दिशाला फोन लावा. वैजनाथरावांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून मध्ये धरला.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. सरांपुढं नामाचा माईक चालू होता, आणि माईकवाला चहाला गेला होता. त्यामुळं पुढची सगळी चिकित्सा देवळाच्या कळसावरच्या चार कर्ण्यांतून, पार नदीकाठच्या मळ्यांपर्यंत ऐकू गेली.

"रामकृष्णहरी," सर म्हणाले, "अगं, तो बाहेरचा लूप बघ. रामकृष्णहरी. त्याच्या वरची ओळ वाचून दाखव तिला. जय जय रामकृष्णहरी."

सुकन्याबाईंनी ओळ वाचली. पुण्याहून दिशाचा सुस्कारा आला, तोही चार कर्ण्यांतून. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवस लूपच्या बाहेर घेतलात ना?"

सरांनी वीणा छेडत छेडत, नामाच्या फटीफटीतून, मेमरीची बचत समजावून सांगितली. दर फेरीला मी तो रिकामा करतो, नव्यानं भरतो, आणि फेरीत छापून बघितला तेव्हा बरोबर होता. दिशा म्हणाली की फेरीत बरोबरच दिसणार, कारण त्या क्षणी त्यात त्याच दिवसाची नावं होती. पण सप्ताहात ठेवताना त्याची प्रत जात नाही, तोच ॲरे जातो. तुम्ही सात वेळा एकच ॲरे ठेवलात. सरांनी बेरीज चौऱ्याऐंशी येत असल्याचा मुद्दा मांडला. माणसाची श्रद्धा सहजासहजी जात नाही.

सुकन्याबाई मात्र थांबल्या. त्यांनी ओळीकडं बघितलं, मग वर नवऱ्याकडं बघितलं.

"अहो, म्हणजे एकच डबा, त्याला सात चिठ्ठ्या लावल्या. हळद, तिखट, धने, सगळ्या त्याच डब्याला. दर वेळी आधीचं ओतून दिलं आणि नवं भरलं. शेवटी मीठ भरलं. आता कुठलीही चिठ्ठी वाचून उघडा, मीठच निघणार."

फोनमधून दिशा म्हणाली, "आई, तू माझ्या कंपनीत ये."

सरांचा हात तारेवर चुकला, पण थांबला नाही. समजलं. लख्ख समजलं. वाईट याचं वाटलं की चौतीस वर्षं ज्या चुकांसाठी मुलांना बाकावर उभं केलं, त्यांच्यापेक्षा सोपी चूक होती. कोरा ॲरे आतच घ्यायचा होता. नवा दिवस, नवा डबा. इथं काटकसर चालत नाही.

"ती वरची ओळ उचल," ते म्हणाले, "रामकृष्णहरी, आणि पहिल्या लूपच्या आत ठेव. रिकामं करायची ओळ काढून टाक. रामकृष्णहरी. जय जय रामकृष्णहरी."

सुकन्याबाईंनी एका बोटानं ओळ उचलली, आत ठेवली, ती दुसरी ओळ पुसली. कार्यक्रम चालवला. सात चौकटी आल्या, सातही वेगवेगळ्या. मळ्यातून कुणीतरी शिट्टी मारली, इतक्या लांब सगळं पोचलं होतं. एक वाजायला आला होता.

नवा फ्लेक्स लगेच मिळणार नव्हता. वैजनाथरावांनी लॅपटॉप उचलला आणि माईकवरूनच यादी वाचायला घेतली. पहिला दिवस, आठ ते दहा, आंबादास. आंबादास अजून फाटकातच होते, पायात एकच चप्पल. ते परत आले आणि कमिटीला ऐकू जाईल असं म्हणाले की आमची पाळी तर सरांनीच खाल्ली, आता भरून द्या. दहा ते बारा, एकनाथ. त्यांचीही खाल्ली होती. मांडवात हसू पसरलं. एकेका नावाबरोबर माणसं सरसावून बसायला लागली, आणि ज्याचं नाव लागायचं तो उगाच शेजाऱ्याकडं बघायचा.

"बारा ते दोन," वैजनाथराव म्हणाले, "कारभारी."

बाराखडीच्या क्रमानं आलं होतं, यात सरांचं काही कौतुक नाही. पण नाव कर्ण्यांतून सगळ्या शिवारात गेलं. आबांनी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, एक वाजून पाच मिनिटं. ते खांबाला धरून उठले, धोतराचा सोगा नीट केला आणि सरांच्या पुढं येऊन उभे राहिले.

सरांना त्या क्षणी खूप काही बोलायचं होतं. बैठकीत मी तुमच्या समोरच तुमच्या मरणाची व्यवस्था लावत होतो. तुमच्या डोक्यातल्या यादीत प्रत्येकाला स्वतःचा डबा होता, कुणाची म्हैस, कुणाचा बांध, सगळं वेगवेगळं. हे मला चाळीस दिवसांत कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं होतं तेवढंही मी काटकसरीपायी लूपच्या बाहेर ठेवलं. पण माईक चालू होता, आणि सर काही झालं तरी सर होते. त्यांनी फक्त वीणा काढली आणि जपून आबांच्या गळ्यात घातली. चार तास तारेवर असलेली बोटं सुटता सुटेनात.

मग त्यांनी वाकून आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. गेल्या चौतीस वर्षांत अख्खं गाव सरांच्या पाया पडलं होतं. सर कुणाच्या पडलेले कुणी बघितले नव्हते. सर तसेच वाकलेले. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं, सर उठेनात. लंकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. वैजनाथराव माईकवर सांगायला लागले की मंडळी, विद्वत्ता म्हणजे काय, नम्रता म्हणजे काय, हे आज आपण डोळ्यांनी बघतोय. दोन पार्ट्यांचे फोटो पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी दोन्ही पार्ट्या एकाच बाजूनं होत्या. सुकन्याबाईंनी मात्र लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याकडं जरा बारकाईनं बघितलं.

आबा नाम घेत होते. घेता घेताच ते किंचित पुढं झुकले आणि फक्त सरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, माफी मागताय का कंबर धरली?"

"आधी माफीच होती, आबा," सर त्यांच्या पावलांशी बोलले. "आता कंबर धरली."

आबांनी दोन तारा छेडल्या. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"दोन्ही मान्य," ते म्हणाले. "पर मी हात देऊ शकत न्हाई, सर. वीणा खाली ठिवता येत न्हाई."